पान पिवळे पडले, आता काय करावे?



आपल्या खानदेशात दारात एकही झाड नाही असे घर सापडणे कठीण. ओट्यासमोर तुळस असते. मोरीच्या पाण्यावर केळ असते. परसात कढीपत्ता असतो. त्याला कोणी गोडनिंब म्हणतात. एखादे लिंबू, एखादी पपई, एखादा शेवगा असतो. जागाच नसली तर तेलाच्या रिकाम्या डब्यात मोगरा तरी असतोच.

या झाडांची पाने कधी ना कधी पिवळी पडतात. मग घरात बोलणे सुरू होते. कोणी म्हणते, "नजर लागली." कोणी म्हणते, "रोग पडलाय, औषध मारा." कोणी म्हणते, "मूठभर युरिया टाका, सगळं ठीक होतं." शेजारीण म्हणते, "पाणी कमी पडतंय, बाई."

नजरेचे सोडून द्या. बाकीच्यांपैकी एखादे खरे असू शकते. पण प्रत्येक वेळी तेच खरे धरून चालले की पैसेही जातात आणि झाडही जाते. आज आम्ही याच पिवळ्या पानाविषयी तुमच्याशी बोलणार आहोत. गोष्ट दारच्या झाडाची आहे. पण शेतातल्या केळीला आणि कपाशीलाही ती लागू पडते. तिथे तर साऱ्या घराचा पैसा गुंतलेला असतो.

आधी झाड खाते काय ते पाहू.

झाडाला जगायला सतरा द्रव्ये लागतात. त्यातली तीन हवेतून आणि पाण्यातून मिळतात. उरलेली चौदा मातीतून यावी लागतात. नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन पुष्कळ लागतात. कॅल्शियम म्हणजे चुन्यातले द्रव्य, मॅग्नेशियम आणि गंधक ही बेताची लागतात. लोह, जस्त, तांबे, बोरॉन अशी बाकीची अगदी थोडी लागतात. थोडी लागतात म्हणून नसली तरी चालतील, असे मात्र नाही. गाडीचा एक बैल दांडगा असला आणि दुसरा लंगडत असला, तर गाडी लंगड्याच्याच चालीने जाते. झाडाला लोह कमी पडले असेल, तर युरियाची पाटी ओतली तरी ते हिरवे होत नाही.

मग काय कमी पडले हे ओळखायचे कसे? झाड बोलत नाही, पण पानावर दाखवते. ते वाचायला घरातलीच एक गोष्ट ध्यानात घ्या.

घरात भाकरी कमी पडली की आई काय करते? आपल्या ताटातली चतकोर लेकराच्या ताटात टाकते. लेकरू खेळत राहते, आई वाळत जाते. झाडाचेही तसेच आहे. खालची जुनी पाने म्हणजे आई. शेंड्याची कोवळी पाने म्हणजे लेकरे. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानात नेता येतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानातून काढून शेंड्याला देते. म्हणून आधी खालचे पान पिवळे पडते आणि शेंडा हिरवा राहतो.

लोहाचे तसे नाही. लोह एकदा एका पानात जाऊन बसले की तिथून सहसा हलत नाही. आईच्या ताटात आहे, पण लेकराला देता येत नाही, अशी ती गत. म्हणून लोह कमी पडले की खालची पाने हिरवीगार राहतात आणि नवा शेंडा पिवळा निघतो.

तेव्हा झाडापाशी बसल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा : पिवळे झालेले पान जुने की नवे? दुसरा प्रश्न : पिवळेपणा पानभर सारखा आहे, की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा आहे, की नुसती कडा करपली आहे? या दोन प्रश्नांनी बरेचसे काम होते.

आता जुन्या पानापासून सुरुवात करू.

डब्यातली तुळस घ्या. दोन-तीन वर्षे तीच माती. रोज पाणी घालतो, पण खायला काही घातलेले नसते. तिची खालची पाने आधी फिकट होतात, मग सारखी पिवळी होतात आणि गळतात. झाड खुरटते, काड्या बारीक राहतात. ही नत्राची भूक. ही सगळ्यांत जास्त आढळते आणि हिचा इलाजही सगळ्यांत सोपा आहे. चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत दोन मुठी घ्यावे. वरची माती खुरप्याने हलकी करून त्यात मिसळावे. दर दोन-तीन महिन्यांनी असे करत राहावे. निंबोळी पेंड मिळाली तर तीही थोडी घालावी. ताजे शेण मात्र घालू नये. ते कुजताना तापते आणि मुळांना इजा होते.

युरियाच घालायचा असेल तर पाच लिटर पाण्यात एक लहान चमचा, एवढाच. ते पाणी ओल्या मातीवर घालावे, कोरड्या मातीवर नको. मूठभर युरियाने डब्यातले झाड आठ दिवसांत जळालेले आपण सगळ्यांनी पाहिले आहे. शेतात जी मूठ विखरून पडते तीच डब्यात एका जागी पडते, हे विसरून कसे चालेल?

दुसरी भूक पालाशाची. मोरीजवळच्या केळीचे खालचे पान पाहा. मधला भाग हिरवा असतो. पण कडा पिवळी पडते, मग तांबूस होते आणि आत आत वाळत येते. केळ पालाशाची फार भुकेली आहे. केळीसाठी कृषी विद्यापीठाची शिफारस झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश अशी आहे. म्हणजे नत्राइतकाच पालाश. तरी पुष्कळ ठिकाणी युरिया भरपूर पडतो आणि पालाश दुकानातच राहतो. घड लहान राहिला की मग रोपाला दोष देतात!

तिसरी भूक मॅग्नेशियमची. हीही खालच्या पानावरच दिसते. पण येथे शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधली जागा पिवळी होते. एक लिटर पाण्यात दोन लहान चमचे, म्हणजे दहा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून पानांवर फवारावे. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे.

स्फुरदाविषयी थोडक्यात सांगतो. ते कमी पडले तर पान पिवळे न होता काळपट हिरवे, कधी जांभळट होते आणि झाड वाढत नाही. दारच्या झाडात हे क्वचितच दिसते.

आता नव्या पानाकडे येऊ. खानदेशात खरी गंमत येथे आहे.

परसातला कढीपत्ता पाहा. खालची पाने हिरवी आहेत. शेंड्याची नवी पाने पिवळी, कधी तर पांढुरकी. पण पानातल्या शिरा मात्र हिरव्या. जाळीच काढल्यासारख्या दिसतात. ही लोहाची भूक. मोगऱ्यावर, जास्वंदीवर, लिंबावर हीच खूण दिसते.

आपण म्हणाल, "आपली जमीन तर काळी कसदार. तिच्यात लोह नाही काय?" आहे. भरपूर आहे. आपली काळी माती ज्या काळ्या पाषाणापासून झाली, त्या पाषाणातच पुष्कळ लोह असते. पण कणगीत धान्य असून खोलीला कुलूप असावे, तसे झाले आहे. ते कुलूप चुनखडीचे आहे. मातीत चुनखडी जास्त असली की लोह पाण्यात विरघळत नाही. आणि विरघळल्यावाचून मुळाला ते घेता येत नाही.

त्यातही दारच्या झाडाची पंचाईत जास्त. शेत असते काळीत आणि गाव वसलेले असते पांढरीत, हे जुन्या लोकांना सांगायला नको. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंतींची, धाब्यांवरच्या मातीची, चुलीच्या राखेची साचलेली माती. तिच्यात चुना आणि क्षार खूप. त्यावर आपण बोअरचे जड पाणी घालतो. ज्या पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तेच पाणी झाडाला. त्यात मोरीचे साबणाचे पाणी. कपड्याच्या पावडरीत सोडा असतो, तोही मुळाशी जातो. मग कढीपत्त्याने पिवळे पडू नये तर काय करावे?

यावर लोक जे उपाय करतात त्यांतले दोन-तीन आपल्या मातीत उलटे पडतात. तेवढे येथे सांगायला हवेत.

एक म्हणजे राख. राखेत पालाश असतो, ही गोष्ट खरी. पण राख चुन्यासारखीच आहे. कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत ती चांगली. आपल्या चुनखडीच्या मातीत रोज चुलीची राख टाकली तर कुलूप आणखी घट्ट होते. वर्षाकाठी एक-दोन मुठी पडली तर बिघडत नाही. पण शेंडा पिवळा दिसतोय आणि आपण राख टाकतोय, असे होऊ नये.

दुसरे म्हणजे अंड्याची टरफले. ती म्हणजे चुनाच. आपल्याकडे चुन्याला तोटा नाही. टोमॅटोचे बूड काळे पडते ते कॅल्शियम कमी गेल्याने पडते, हे बरोबर. पण आपल्या मातीत त्याचे कारण बहुधा पाण्याची हेळसांड हे असते. चार दिवस कोरडे ठेवायचे, मग एकदम लोटा-बादली ओतायची. कॅल्शियम मुळातून पाण्याबरोबर फळापर्यंत जाते. पाणी नेमाने दिले की बूड काळे पडायचे थांबते.

तिसरे म्हणजे गंजका खिळा. लोह पाहिजे म्हणून कुंडीत खिळा खोचतात. बिचाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण गंजाचे लोह आपल्या मातीत विरघळत नाही. कुलूपबंद खोलीत आणखी एक पोते टाकल्यासारखे ते होते.

मग करावे काय? दोन कामे आहेत. एक ताबडतोबीचे, एक सावकाशीचे.

ताबडतोबीचे काम म्हणजे पानातून लोह देणे. दुकानात हिराकस मिळते. खताच्या दुकानात त्याला फेरस सल्फेट म्हणतात. ते हिरवट रंगाचे असते. तांबूस झालेले घेऊ नये, ते खराब झालेले असते. एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा लहान चमचा हिराकस घालावे. त्यात लिंबाचे पाच-सहा थेंब पिळावेत. संध्याकाळी ऊन उतरल्यावर नव्या पानांवर फवारावे. पाणी त्याच दिवशी वापरावे, उद्यासाठी ठेवू नये. पंधरा-पंधरा दिवसांनी दोन-तीन वेळा करावे. फरशीवर आणि कपड्यावर याचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. हिराकस लेकरांच्या हाताला लागेल असे ठेवू नका. ते पोटात गेले तर विष आहे. फवारलेल्या फांदीची पाने दहा-बारा दिवस फोडणीला घेऊ नका. नंतरही धुऊन घ्या.

आणि एक युक्ती. सगळ्या झाडावर एकदम फवारू नका. आधी एकाच फांदीवर फवारा, तिला दोरा बांधा आणि पंधरा दिवस थांबा. ती फांदी हिरवी झाली आणि बाकीच्या तशाच राहिल्या, तर तुमचे निदान बरोबर. नाही झाली, तर दुसरे कारण शोधा. तुमचे पाच-दहा रुपयेच गेले. ही युक्ती नवी नाही. फ्रान्स देशात ग्री नावाच्या शास्त्रज्ञाने १८४४ च्या सुमारास पिवळ्या झाडांवर लोहाच्या क्षाराचे पाणी वापरून ती हिरवी करून दाखवली होती. लोहावाचून पान हिरवे होत नाही, हे तेव्हापासून माहीत झाले. तुमच्या परसात तुम्ही तोच प्रयोग करणार.

सावकाशीचे काम म्हणजे कुलूप सैल करणे. थोडे हिराकस दहापट कुजलेल्या शेणखतात मिसळावे. ओले करून आठ-दहा दिवस सावलीत मुरू द्यावे. मग झाडाच्या आळ्यात घालावे. शेणखतात मुरलेले लोह मातीत लवकर अडकत नाही. साबणाचे पाणी दुसरीकडे वळवावे. पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी पिंपात धरावे आणि कुंड्यांना ते घालावे. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात. डब्याला खाली भोके आहेत का, तेही पाहावे. भोके नसतील तर क्षार डब्यातच साचतात आणि मुळे कुजतात. मातीवर पांढरी पापडी धरली असेल तर माती बदलावी. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग नदीची वाळू, असे मिश्रण चांगले.

लिंबाच्या झाडावर आणखी एक खूण दिसते. नवी पाने नेहमीपेक्षा लहान आणि अरुंद निघतात, झुपक्यासारखी एका जागी येतात आणि शिरांमध्ये पिवळे डाग दिसतात. ही जस्ताची भूक. येथेही तीन ग्रॅम झिंक सल्फेट एक लिटर पाण्यात, वर सांगितल्याप्रमाणेच. स्फुरदाचे खत वारेमाप टाकले तर जस्त आणखी अडते. म्हणून डीएपी टाकताना हात आवरावा.

जस्ताची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिमालयाच्या पायथ्याशी तराईचा प्रदेश आहे. तिथे नवीन जमीन लागवडीला आली, भात लावला, आणि भाताची पाने कातासारखी तांबूस होऊन पीक बसू लागले. लोक त्याला खैरा रोग म्हणत. रोग म्हटले की जंतू शोधायचे आणि औषध मारायचे. पण औषधाने काही होईना. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात यशवंत लक्ष्मण नेने नावाचे शास्त्रज्ञ होते. ते स्वतः रोगांचेच अभ्यासक. त्यांनी १९६६ साली दाखवून दिले की यात जंतू नाहीच. जमिनीत जस्त मिळत नाही म्हणून भात उपाशी आहे. झिंक सल्फेट आणि चुना यांचे पाणी फवारले की भात सुधारतो. इतकी साधी गोष्ट. पण ती ओळखण्यासाठी कोणाला तरी थांबून नीट पाहावे लागले.

याचा अर्थ पिवळे दिसले की भूकच, असे मात्र समजू नका. काही गोष्टी भुकेसारख्या दिसतात आणि भूक नसतात.

पहिली गोष्ट पाणी. कमी नव्हे, जास्त. आपल्या ताई-माई प्रेमाने रोज दोन वेळा पाणी घालतात. मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात. मग मातीत खत असूनही घेता येत नाही आणि पाने पिवळी पडतात. बोट दोन पेरे मातीत घाला. ओले लागले तर आज पाणी नको. हा तपास सगळ्यांच्या आधी करावा. त्याला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट ऊन. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढेही जातो. तेव्हा पानाच्या कडा करपतात. पालाश कमी आहे असे वाटते. पण करपण्याची बाजू पाहा. पत्र्याच्या किंवा भिंतीच्या बाजूचीच पाने करपली असतील तर ते उन्हाचे काम. कुंडी सावलीला सरकवा, खत नको.

तिसरी गोष्ट कीड. पान उलटे करून पाहा. खाली बारीक हलणारे ठिपके, जाळे, पांढरा कापूस दिसला तर ती कीड आहे.

चौथी गोष्ट विषाणू. याला तर काहीच इलाज नाही, म्हणून तो ओळखायलाच हवा. केळीवर एक विषाणू येतो, त्याला सीएमव्ही म्हणतात. आपल्याकडे हरण्या हे नावही ऐकू येते. २०२० च्या पावसाळ्यात रावेर, यावल भागात त्याने मोठे नुकसान केले. शेतकऱ्यांना उभी केळी उपटून टाकावी लागली. त्यात पानावर पिवळे पट्टे पडतात. पण ते वेडेवाकडे, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. भुकेचे पिवळेपण असे नसते. ते मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे असते आणि शेजारच्या झाडांवरही तसेच दिसते. हरण्याचे झाड खताने बरे होत नाही. ते मुळासकट काढून गाडावे. मावा ही कीड हा रोग दुसऱ्या झाडावर नेते. मोरीजवळची एक केळ जीव लावून राखली, आणि तिच्यावरून मावा शेतात गेला, असे व्हायला नको.

आता शेतातले थोडे. कपाशीवर लाल्या येतो हे तुम्हाला ठाऊक आहे. बोंडे भरू लागतात, रात्री थंड होतात, जमिनीची ओल कमी होते, आणि पाने लाल होत जातात. त्या वेळी बोंडे झाडातले अन्न ओढून घेतात. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडते. हे त्याचे मोठे कारण. एकदा लाल झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. म्हणून फुले-पाते लागताना मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करतात, पान लाल झाल्यावर नव्हे. पण तुडतुड्यांनीही पानाच्या कडा तांबूस होतात. तेव्हा येथेही पान उलटे करून पाहायचेच.

हे इतके का सांगतो? कारण "लाल दिसलं, मार औषध" असे करण्यात पैसा तर जातोच. पण तेवढ्यावर थांबत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा झाली आणि अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. रोजाने फवारायला गेलेली माणसे होती ती. कीड असेल तर औषध मारावे लागते, ते आम्ही नाकारत नाही. तोंडाला कापड, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ, हे सारे सांभाळून मारावे. पण जिथे झाड नुसते उपाशी आहे तिथे विष फवारून कोणाचे भले होणार?

औषधाच्या बाटलीवर एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जास्त विषारी. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे विष नाही असे मात्र नव्हे. हा रंग आणि बाटलीवरची तारीख दुकानातच पाहून घ्यावी.

तसेच खताच्या पोत्यावरचे आकडे. १०:२६:२६ असे लिहिलेले असते. पुष्कळजण ते खताचे नाव समजतात. तो हिशेब आहे. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. शंभर किलोत दहा किलो नत्र, सव्वीस किलो स्फुरद, सव्वीस किलो पालाश. पोते ५० किलोचे असेल तर निम्मे धरा. युरियात शंभराला ४६ किलो नत्र असते, बाकी दोन्ही शून्य. म्हणजे कडा करपलेल्या केळीला नुसता युरिया घातला तर तिला हवे ते मिळालेच नाही. दुकानदार एका पोत्याऐवजी दुसरे देऊ लागला, तर हे तीन आकडे वाचा आणि मग काय ते ठरवा.

आणि शेतासाठी पानावरून ओळखणे पुरेसे नाही. पान पिवळे पडेपर्यंत पिकाचे थोडे नुकसान झालेलेच असते. त्याआधीच कळायला हवे असेल तर माती तपासावी. सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. त्यात मातीच्या बारा तपासण्या असतात. लोह, जस्त, बोरॉनसुद्धा त्यात येतात. पत्रिकेत 'सामू' असा शब्द दिसेल. ७ म्हणजे मध्यम, त्याखाली आंबट, त्यावर खारट-चुन्याची. आपल्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा ८ च्या आसपास निघतो. आकडा तसा आला तर लोह आणि जस्ताच्या रकान्याकडे आधी पाहा.

माती कोठे द्यायची, हे आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या पाल येथे आणि जळगावजवळ ममुराबाद येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे आणि कृषी विज्ञान केंद्रही आहे. जाताना पिवळे पानही बरोबर न्यावे. एक जुने, एक नवे. दोन्ही पाहिल्यावर तिथल्या माणसाला सांगणे सोपे जाते.

नमुना घेण्याची वेळ म्हणजे आखाजीच्या सुमारास, शेत मोकळे असताना, खत टाकण्याआधी. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडाव्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची, गुरे बसतात ती जागा सोडावी. वरचा काडीकचरा बाजूला करून एक वीत खोल खड्डा करावा. त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यावी. सगळ्या जागांची माती घमेल्यात एकत्र करून सावलीत वाळवावी. तिचे चार भाग करावे आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यावे. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. घमेले आधी खताला वापरलेले नसावे. ही माती स्वच्छ कापडी पिशवीत भरावी.

पिशवीत एक चिठ्ठी घालायची असते. तिच्यावर आपले नाव, गाव, गट नंबर, मागचे पीक, पुढे घ्यायचे पीक आणि पाण्याची सोय लिहावी. चिठ्ठी दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. आता ती तुम्हाला लिहिता येते.